मूळ म्हणजे कोणत्या दिवशीचं?

व्हिडिओ अकरा मिनिटांचा आहे. सुरुवातीला एक गंजलेली मोटरसायकल दिसते. टायर बसलेले, सीटमधून स्पंज बाहेर आलेला, हेडलाइटच्या काचेआड कोळ्याचं जाळं. मग काळे हातमोजे घातलेले दोन हात येतात. हातांमागे माणूस असणारच, पण तो दिसत नाही आणि बोलतही नाही. नट सुटतात, सगळे पहिल्याच झटक्यात. वाळूच्या फवाऱ्याखाली गंज उडून जातो. रंगाचे थर चढतात, क्रोम लखलखतं, आणि अकराव्या मिनिटाला तीच गाडी कालच शोरूममधून आणल्यासारखी उभी असते. स्क्रीनचे दोन भाग होतात: डावीकडे आधीची, उजवीकडे नंतरची. खाली लोकांनी लिहिलेलं असतं, बघून मन शांत झालं.

माझंही व्हायचं. असे शंभरेक व्हिडिओ मी पाहिले असतील. टेंभुर्णीजवळच्या आमच्या वस्तीवर, गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये, बाजेवर पडून. बाजेपासून सहा फुटांवर आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची राजदूत उभी होती. एकोणीस वर्षं. तिच्या हँडलला दोऱ्या टांगलेल्या, सीटवर पेंडीची रिकामी पोती. भंगारवाल्याने साडेचार हजार सांगितले होते. मी म्हटलं, विकायची नाही, मी घरीच चालू करतो.

गाडी आता चालू आहे. पण हा लेख ती कशी चालू केली याचा नाही. या कामात मी दोन गोष्टींना गुरू मानलं होतं: हे व्हिडिओ आणि एक गाजलेलं अमेरिकन पुस्तक. दोघांनी मला बरंच दिलं. आणि दोघांनीही मला एकाच जागी गंडवलं.

*

आधी गाडीबद्दल. राजदूत १७५ ही मुळात पोलंडची. तिथल्या ‘एसएचएल एम-११’ या मोटरसायकलच्या आराखड्यावरून एस्कॉर्ट्स कंपनीने साठच्या दशकात ती आपल्याकडे बनवायला घेतली. एका सिलिंडरचं १७३ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, तीन गिअर. पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळायचं आणि मागे निळसर धूर सोडत जायचं. जाहिरातीत धर्मेंद्र असायचा. १९७३ च्या ‘बॉबी’ सिनेमातली ती छोटी गाडीही राजदूतच, पण वेगळं मॉडेल. आमच्या भागात मात्र राजदूतला ना पोलंड माहीत होतं ना डिंपल. आमच्याकडे ती दुधाची गाडी होती.

टेंभुर्णी पुणे-सोलापूर महामार्गावर आहे. पूर्वी त्याला राष्ट्रीय महामार्ग ९ म्हणायचे, आता तो ६५. अकलूज, करमाळा, पंढरपूर, कुर्डुवाडी अशा सगळ्या वाटा इथे फुटतात, म्हणून गॅरेज, टायरवाले, वेल्डर, लेथवाले यांची इथे कधी कमतरता नव्हती. जवळच भीमेवरचं उजनी धरण. ते १९८० मध्ये पूर्ण झालं. मग ऊस वाढला, हिरवा चारा वाढला, चाऱ्यामागून संकरित गाई आल्या. दूध पहाटे डेअरीवर पोचवायला सायकल पुरेना. आबांनी १९८४ मध्ये राजदूत घेतली.

घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात ती ‘मूळ’ राहिली नाही. आबांनी ती बाजारातल्या वेल्डरकडे नेली. सीटच्या दोन्ही बाजूंना लोखंडी सळ्या वाकवून हुका करून घेतल्या, दुधाचे कॅन अडकवायला. वजन पेलेना म्हणून मागच्या शॉकअपला जाड स्प्रिंगा बसवल्या. सीटचं कव्हर ट्रॅक्टरच्या रेक्झिनचं. पावसाळ्यात चिखल अडकतो म्हणून पुढचं मडगार्ड वर उचललेलं. आणि टाकीवर, दोन्ही बाजूंना, गावातल्या पेंटरने ब्रशने लिहिलेलं: ‘श्री विठ्ठल प्रसंन’. प्रसन्नमधला अर्धा न त्याने अनुस्वार करून वर टाकला होता. डेअरीवर कोणीतरी मास्तर त्यावरून आबांना चिडवायचे, अशी गोष्ट घरात सांगितली जाते. आबांनी ते कधी दुरुस्त करून घेतलं नाही.

मी केलं. म्हणजे पुसूनच टाकलं.

व्हिडिओंमध्ये टाकीचं काम नेहमी सुरुवातीलाच असतं, कारण फरक तिथे पटकन दिसतो. मी टाकी उतरवली. आतला गंज काढायला नट आणि खडे टाकून हलवली, आणि बाहेरून जुना रंग पार पत्र्यापर्यंत घासला. अक्षरं जायला मोजून वीस मिनिटं लागली. मग टाकी रंगवायला दिली. काळी, बाजूने लाल पट्टा, कंपनीच्या जुन्या जाहिरातीत दिसते तशी. ती घरी आली तेव्हा मी अण्णांना, माझ्या वडिलांना, हाक मारून दाखवली. त्यांनी हात फिरवून बघितलं. म्हणाले, “चांगली झाली.” थोड्या वेळाने गोठ्यात जाता जाता म्हणाले, “विचारायचं तरी.”

अण्णा भावुक माणूस नाहीत. गाडी भंगारात घालायला त्यांचीच संमती होती. आबांनंतर २००६ पर्यंत त्यांनी ती चालवली आणि त्या हुकांनी, त्या वजनाने त्यांची कंबर कायमची धरली. त्यांना अक्षरांचं फार दुःख झालं असं मला वाटत नाही. त्यांना लागलं ते दुसरंच होतं आणि ते कळायला मला दोन महिने लागले.

*

दुसऱ्या गुरूकडे येतो. रॉबर्ट पर्सिगचं ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ १९७४ मध्ये आलं. शंभराहून जास्त प्रकाशकांनी नाकारलेलं हे पुस्तक पुढे लाखोंनी खपलं. बाप आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला, ख्रिसला, मागे बसवून मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाकडे मोटरसायकलवर निघतो. अर्ध्या वाटेपर्यंत सोबत जॉन आणि सिल्व्हिया हे मित्र जोडपं. वाटेत बाप वाचकाशी बोलत राहतो: यंत्राबद्दल, तर्काबद्दल, ‘क्वालिटी’ नावाच्या एका गोष्टीबद्दल, जिची व्याख्या करता येत नाही पण जी नसली की लगेच कळतं.

गाडी खोलून बसलेल्या माणसाने हे पुस्तक वाचावंच. त्यातला एक प्रसंग तर आपल्या कुठल्याही गॅरेजात घडू शकतो. जॉनच्या बीएमडब्ल्यूचं हँडल सैल होऊन फिरतंय. निवेदक सुचवतो, बिअरच्या रिकाम्या डब्याची पट्टी कापून मध्ये घाल, घट्ट बसेल. ॲल्युमिनियम मऊ असतं, गंजत नाही, या कामाला अगदी योग्य. जॉनला हे अपमानास्पद वाटतं. माझ्या बीएमडब्ल्यूत बिअरच्या डब्याचा तुकडा? निवेदकाला नंतर वाटतं की ही पट्टी खास जर्मनीहून आलीय असं सांगितलं असतं तर त्याने आनंदाने बसवली असती.

हा प्रसंग वाचून मी हसलो, कारण त्याच आठवड्यात अण्णांनी मला पॉइंटचा गॅप लावायला शिकवलं होतं. जुन्या गाड्यांत प्लगला करंट पोचवणारे दोन छोटे कॉन्टॅक्ट पॉइंट असतात. ते उघडतात तेव्हा त्यांच्यात साधारण ०.४ मिलिमीटरची फट लागते. फट जास्त झाली की गाडी आडमुठेपणा करते, कमी झाली की पॉइंट जळतात. त्यासाठी फिलर गेज नावाचं साधन मिळतं. अण्णांनी कोनाड्यातून एक जुनी लग्नपत्रिका काढली, तिचा कपटा फाडला, पॉइंटमध्ये सरकवला, स्क्रू आवळला. “जरा अडकत निघाला पायजे,” म्हणाले. “लई सैल नको, लई घट्ट नको.” मी नंतर गेज आणून मोजलं. फट जिथे हवी तिथेच होती.

तर पर्सिगचं पहिलं देणं हे: वस्तू किती भारी आहे, कुठून आली आहे, यावर जाऊ नका. ती काय काम करते ते बघा. दुसरं देणं अडकलेल्या स्क्रूबद्दलचं. एक स्वस्तातला स्क्रू घासला जातो, आणि तो निघत नाही तोवर सगळी मोटरसायकल तुमच्या दृष्टीने शून्य किमतीची होते. त्या क्षणी तुम्हाला कुठलंच पुस्तक वाचवत नाही. थांबून, त्या स्क्रूकडे नव्याने बघावं लागतं. व्हिडिओंमध्ये नेमकी हीच वेळ कापलेली असते. अकरा मिनिटांत न मावणाऱ्या गोष्टी म्हणजे अडकलेला स्क्रू, लेथवाल्याने ‘उद्या या’ म्हटलेले चार दिवस, चुकीच्या साइझचा आलेला पिस्टन आणि संपलेले पैसे. या सगळ्याशिवाय गाडी होत नाही, आणि हे सगळं काढल्यावर जे उरतं ते बघून आपलं मन शांत होतं. म्हणजे आपण दुरुस्ती बघतच नाही. दुरुस्तीचा त्रास गायब झालेला बघतो. काही व्हिडिओ तर वस्तू मुद्दाम गंजवून बनवलेले असतात, आणि बघताना आपल्याला फरकही पडत नाही, यातच त्या प्रकाराचं मर्म आलं.

पर्सिग या बाबतीत कितीतरी प्रामाणिक आहे. पण आता त्याच्याशीही माझं भांडण आहे.

*

पुस्तकाच्या सुरुवातीला तो एका गॅरेजची गोष्ट सांगतो. त्याची गाडी जाम होते, तो ती दुकानात देतो. तिथली पोरं मोठ्याने रेडिओ लावून काम करतात, हातोडा-छिन्नीने इंजिनाचे फिन तोडतात, गाडी पुन्हा पुन्हा बिघडते. शेवटी कळतं, ऑइल पोचवणारी एक क्षुल्लक पिन तुटली होती. पर्सिगचा निष्कर्ष असा की ती पोरं प्रेक्षकांसारखी होती, कामात त्यांचं कोणी नव्हतंच. म्हणून माणसाने आपली गाडी आपणच सांभाळावी.

निष्कर्ष पटतो. पण त्या पोरांना पगार किती होता, त्यांना कोणी शिकवलं होतं, दिवसाला किती गाड्या उरकायच्या होत्या, हे पुस्तक विचारत नाही. पर्सिगच्या जगात शेवटी एक माणूस आणि एक यंत्र उरतं. दोघांमधलं नातं शुद्ध झालं की काम चांगलं होतं.

आमच्या शेडमध्ये तसं एकटं कोणी नव्हतं. पिस्टन जाम होता. मी व्हिडिओत बघितल्याप्रमाणे प्लग काढून तेल सोडलं आणि किकवर सगळं वजन टाकून उड्या मारल्या. तीन दिवस. चौथ्या दिवशी किकचा दांडा वाकला. अण्णा बाजेवर बसून हे बघत होते. तेव्हा कुठे मी विचारलं. ते उठले, सिलिंडरमध्ये डिझेल भरलं आणि म्हणाले, आठवडाभर हात लावू नको. आठ दिवसांनी गाडी टॉप गिअरमध्ये टाकली आणि मागचं चाक दोन्ही हातांनी धरून थोडं पुढे, थोडं मागे हलवत राहिले. जात्याला पीठ नसताना फिरवतात तसं. अर्ध्या तासाने आत काहीतरी सुटलं. चाकाकडून गेलं की इंजिनावर जोर हळू आणि सारखा पडतो, किकसारखा दणका बसत नाही. हे त्यांना कोणी शिकवलं? १९९१ च्या पावसाळ्यात पूर्ण भिजून जाम झालेल्या याच गाडीवर आबांनी.

पुढे सिलिंडर बोअर करायला लेथवर गेला. क्रँकची ऑइल सील वाळून कडक झाली होती. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी खाली क्रँककेसमध्ये दाबलं जातं, त्यामुळे तिथून हवा गळली तर वरचं सगळं काम फुकट. ती सील बदलायची हे मला मिस्त्रींनी सांगितलं, तेही मी गाडी दोनदा त्यांच्या दारापर्यंत ढकलत नेल्यावर. सायलेन्सरमध्ये कार्बन एवढा साचला होता की धूर निघायला वाट नव्हती. तो गोवऱ्यांच्या जाळात भाजून मोकळा करायचा, ही आईची माहिती. घरात वर्षातून एकदा ते काम तिच्याच चुलीमागे व्हायचं.

आता पर्सिगच्या पुस्तकातला तो मुलगा आठवा. सगळ्या प्रवासात ख्रिस मागे बसलेला असतो आणि त्याला समोर फक्त बापाची पाठ दिसते. हे आपल्याला अगदी शेवटी कळतं, जेव्हा तो पायदानावर उभा राहून पहिल्यांदा रस्ता बघतो. बाप यंत्राबद्दल शेकडो पानं बोलतो, पण ते बोलणं वाचकाशी. मागे बसलेल्या पोराच्या वाट्याला त्यातलं फार थोडं येतं. पुस्तकालाही ही उणीव कळलेली आहे, म्हणून तर शेवट एवढा लागतो. पण आपण ते ‘यंत्राचं तत्त्वज्ञान’ म्हणून वाचतो आणि पोराला विसरतो.

आमच्याकडे उलटं झालं. मीच पाठ फिरवून बसलो होतो. पोलंडची गाडी दुरुस्त करायला मी कुठल्या तरी देशातल्या अनोळखी हातांकडून शिकत होतो, आणि या गाडीचा पॉइंट पंधरा वर्षं घासलेला माणूस सहा फुटांवर बाजेवर बसलेला होता. ‘विचारायचं तरी’ हे त्याबद्दल होतं. अक्षरं फक्त निमित्त.

*

मग प्रश्न उरतो तो ‘मूळ रूप’ या शब्दाचा. जुन्या गाड्यांच्या सगळ्या जगात हाच शब्द चलनी नाण्यासारखा फिरतो. यामाहा आरएक्स १०० बघा. १९८५ ते १९९६ या काळात बनलेली ९८ सीसीची गाडी. चांगल्या अवस्थेतल्या एकेका गाडीसाठी आज लोक नव्या गाडीएवढे किंवा जास्त पैसे मोजतात, आणि सौदा ठरतो ‘सगळे पार्ट ओरिजनल आहेत का’ यावर. म्हणजे जी गाडी सर्वांत कमी वापरली गेली, ती सर्वांत खरी. जिने दूध वाहिलं, उसाच्या फडात पडली, तीन पोरांना शाळेत सोडलं, ती डागाळलेली.

कायद्याचंही साधारण असंच म्हणणं आहे. २०२१ मध्ये केंद्राने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी नियम केले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ स्वरूपात राखलेली हवी, चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नकोत. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि रोजच्या वापराला बंदी. प्रदर्शन, रॅली, असल्या कारणांसाठीच ती रस्त्यावर आणायची. आबांची राजदूत २०३४ मध्ये पन्नास वर्षांची होईल. पण चॅसीला वेल्डिंग केलेल्या हुकांमुळे ती व्हिंटेज ठरेल असं वाटत नाही. कापल्या तर कदाचित ठरेल. म्हणजे तिने जे काम केलं त्याचा पुरावा नष्ट केला, तर तिला वारशाचा दर्जा. आणि तो मिळाल्यावर पुन्हा काम करायला मनाई.

इथे कोणी म्हणेल, मग काय गंजही जपायचा? नाही. आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेतो. २०२४ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात जतन-संवर्धनाचं काम झालं. पदस्पर्श दर्शन काही आठवडे बंद होतं. अलीकडच्या काळात बसवलेली फरशी काढून जुना दगड उघडा केला गेला. त्या कामातच एक तळघर सापडलं, त्यात मूर्ती निघाल्या. बातम्यांत शब्द एकच होता: मूळ रूप. ती फरशीही कोणीतरी श्रद्धेनेच बसवली असणार. तरी ती काढणं मला गैर वाटत नाही, कारण तिथे काढण्याआधी पाहणी झाली, जाणकारांनी विचार केला. थर काढणं हा गुन्हा नाही. थर आहे हेच न ओळखता काढणं हा आहे.

मी टाकी घासण्याआधी तिचा एक फोटोही काढला नव्हता. खिशात फोन असताना. तो फोन टाकीला टेकवून ठेवला होता, व्हिडिओ बघायला.

नंतर घरातले जुने फोटो धुंडाळले. अल्बम, लग्नं, बारशी. एका लग्नाच्या फोटोत मांडवाच्या कडेला राजदूत दिसते. टाकीपुढे एक पाहुणा उभा आहे. त्याच्या धोतरामागून ‘प्रसं’ एवढंच दिसतं. त्यानंतरचा तो चुकीचा ‘न’ पाहुण्याच्या गुडघ्याआड गेला आहे.

*

आता हिशेब मांडायचा तर मी असा मांडतो. जे यंत्राला किंवा माणसाला इजा करतं ते काढावं. गंज, कुजलेली वायरिंग, झिजलेले ब्रेकशू, गळकी सील. आबांनी आवाज यावा म्हणून सायलेन्सरमधली जाळी काढून टाकली होती, ती मी परत बसवली. त्यात मला काही अपराधी वाटलं नाही, शेजारच्या वस्तीवरच्या म्हातारीला तर बरंच वाटलं. एका हुकेच्या वेल्डिंगला चीर गेली होती, ती पुन्हा भरून घेतली. पण जे फक्त वापराची खूण आहे, ज्याने चालण्यात काही बिघडत नाही, त्याला हात लावण्याआधी विचारावं. ज्याला माहीत आहे तो माणूस असेपर्यंत विचारावं.

या मापाने बघितलं तर बहुतेक व्हिडिओ नापास होतात. त्यांत कसब नसतं असं नाही, उलट कसब भरपूर असतं. पण ते गाडीला एकही प्रश्न विचारत नाहीत. ही खरवड कशाची, ही सळई कोणी जोडली, हा नट वेगळ्याच कंपनीचा का? गाडी कोणाची होती हेच कळू न देता ती कोणाचीही नसल्यासारखी करून दाखवणं, हे त्या प्रकाराचं यश आहे. शोरूममधला पहिला दिवस म्हणजे तरी काय? ज्या दिवशी गाडीला अजून काहीही घडलेलं नव्हतं तो दिवस. तोच खरा आणि बाकीची चाळीस वर्षं घाण, असं म्हणायला मी तयार नाही.

पर्सिगचं पुस्तक मात्र टिकतं, माझ्या भांडणासकट. प्रवासातली त्याची होंडा आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. गंमत म्हणजे पुस्तकात त्या गाडीचं नाव कुठेच येत नाही. ती अमुक मॉडेल म्हणून तिथे पोचलेली नाही. त्या बापलेकांना तिने वाहिलं म्हणून पोचली. म्हणजे संग्रहालयालाही शेवटी मोल वाटलं ते वापराचंच.

आमची राजदूत कुठल्या संग्रहालयात जाणार नाही. नोंदणीचं नूतनीकरण, दंड, पर्यावरण कर हे सोपस्कार बाकी आहेत, तोवर ती वस्तीवरच्या खासगी रस्त्यावर फिरते. आतापर्यंत एकतीस हजार गेलेत. ज्या पेंटरने टाकी लिहिली होती ते टेंभुर्णीतच असतात. फ्लेक्स आल्यापासून ब्रशचं काम बंद झालं, असं म्हणाले. मी त्यांना पुन्हा लिहून द्याल का विचारलं. देईन की, म्हणाले. मग मी म्हटलं, पण प्रसन्नवर अनुस्वार द्या. ते माझ्याकडे बघत राहिले. “ते चुकीचंय,” म्हणाले. “आता चुकीचं कशाला लिहू?”

यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्यांनी तेव्हाही बरोबरच लिहिलंय असं समजून लिहिलं होतं. टाकी अजून कोरीच आहे.

परवा सकाळी मी उठायच्या आत अण्णांनी गाडी बाहेर काढली होती. परत आले तेव्हा डाव्या हुकेला पेंडीचं पोतं अडकवलेलं होतं. पोतं हलून हलून टाकीच्या कडेचा नवा काळा रंग बोटभर खरवडला गेला होता. खाली पत्रा दिसत होता. अण्णांनी ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, राहू द्या.